पायथनची खिडकी, आतला पाहुणा: टीसीएल-टीकेची गोष्ट

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकण्यापेक्षा निवांत वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना फुटलेले दोन-चार फाटे छाटलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात एका प्रयोगाने करू. लॅपटॉप असेल तर उत्तम. नसेल तर अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड नावाचं ॲप मिळतं, त्यातही हे चालतं. पायथन उघडा, टीकेइंटर इम्पोर्ट करा. कॉलेजात याला कुणी टिंकर म्हणतं, कुणी टीकेइंटर. नाव कसंही घ्या, दुसऱ्या ओळीत त्याची एक खिडकी तयार करा. आता तिसऱ्या ओळीत त्या खिडकीच्या आत असलेल्या 'टीके' नावाच्या ऑब्जेक्टला 'इव्हॅल' करायला सांगा आणि अवतरण चिन्हांत लिहा: एक्स्प्र, स्पेस, दोन अधिक तीन.

उत्तर पाच येईल. पण नीट बघा, तो पाच आकडा नाहीये, स्ट्रिंग आहे. आणि 'एक्स्प्र' असा कुठला शब्द पायथनमध्ये नाही. मग हे उत्तर दिलं कुणी?

उत्तर दिलं एका वेगळ्याच भाषेने. पायथनच्या पोटात त्या भाषेचा अख्खा इंटरप्रिटर बसलेला आहे. तिचं नाव टीसीएल, म्हणजे टूल कमांड लँग्वेज. जाणकार तिला लाडाने 'टिकल' म्हणतात. आणि तिच्यासोबत आलेली खिडक्या-बटनांची पेटी म्हणजे टीके, टूलकिट. टीकेइंटर हे नावसुद्धा 'टीके इंटरफेस' याचंच लघुरूप आहे. डिप्लोमाला, बीएस्सीला किंवा इंजिनिअरिंगला ज्यांनी पायथनमध्ये 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम' नावाचा मिनी प्रोजेक्ट केलाय, त्यांनी ही भाषा न शिकता वापरली आहे.

ती तिथे कशी पोहोचली, ही आजची गोष्ट. आणि तिच्या मुळाशी एक प्रश्न आहे: स्क्रीनवर खिडकी उघडण्याचा अधिकार कुणाला? मोठ्या टीमला, की एकट्या माणसालाही?

चिप बनवणाऱ्यांची कटकट

१९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात जॉन आउस्टरहाउट नावाचे प्राध्यापक होते. ते आणि त्यांचे विद्यार्थी चिपचा आराखडा काढायची सॉफ्टवेअर लिहायचे. त्यातलं 'मॅजिक' खूप गाजलं. अशा प्रत्येक टूलला वापरणाऱ्याकडून हुकूम घ्यावे लागतात: हा थर दाखव, ही तार हलव, ही फाइल सेव्ह कर. मग प्रत्येक टूलसाठी एक छोटी कमांडची भाषा बनवायची. पण मुलांचं लक्ष चिपकडे. भाषा ही मध्ये आलेली कटकट, म्हणून घाईघाईत उरकलेली. तिच्यात धड लूप नाही, धड व्हेरिएबल नाही. पुढचं टूल आलं की पुन्हा नवी चूल मांडायची, आणि तीही तशीच अर्धवट.

१९८७ च्या शेवटी शेवटी आउस्टरहाउट रजा घेऊन डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पालो अल्टोमधल्या संशोधन प्रयोगशाळेत गेले होते. तिथे त्यांना सुचलं की भाषा एकदाच नीट लिहावी, आणि तीसुद्धा स्वतंत्र प्रोग्राम म्हणून नाही, सी भाषेतली लायब्ररी म्हणून. ज्याला हवी त्याने ती आपल्या प्रोग्राममध्ये जोडावी. लूप, इफ, व्हेरिएबल, फंक्शन हे सगळं तयार मिळेल. तुम्ही फक्त तुमच्या कामाच्या चार कमांड तिच्यात घाला.

१९८८ मध्ये बर्कलीला परतल्यावर त्यांनी ती लिहायला घेतली. हीच टीसीएल. दुसऱ्याच्या घरात राहायला बनवलेली भाषा. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे तिचं नशीब यावरच ठरलं.

बटन नसलेली खिडकी

आता खिडक्यांकडे येऊ. त्या काळातल्या युनिक्स कॉम्प्युटरवर चित्र काढायचं काम एक्स विंडो सिस्टीम करायची. ती १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झाली, आणि अकरावी आवृत्ती १९८७ ला आली. एक्स तुम्हाला चौकोन देतं, रेघ देतं, माउस कुठे क्लिक झाला ते सांगतं. बटन मात्र देत नाही! बटन म्हणजे चौकोन, त्यात मजकूर, दाबल्यावर आत गेल्यासारखी सावली, सोडल्यावर पुन्हा वर. हे सगळं तुम्हीच काढायचं. मग वरच्या थराची टूलकिट आली. त्यातली मोटिफ सर्वांत वजनदार. बटन मिळालं, पण सीमध्ये आणि पानभर सोपस्कार करून.

आणि खरा त्रास ओळींच्या संख्येचा नव्हताच, फेऱ्यांचा होता. कोड लिहा, कंपाइल करा, लिंक करा, चालवा. बघता तर 'सेव्ह'चं बटन थोडं डावीकडे सरकलंय. बंद करा, आकडा बदला, पुन्हा कंपाइल. इंटरफेस बनवणं म्हणजे डोळ्यांनी बघत बघत जुळवायचं काम, आणि नेमकं बघायला मिळायचं प्रत्येक वेळी चहा होईपर्यंत थांबल्यावर.

त्याच १९८७ मध्ये ॲपलने मॅकवर हायपरकार्ड आणलं. माउसने बटन ओढून ठेवा, त्याच्यामागे इंग्रजीसारख्या भाषेत दोन ओळी लिहा, झालं. शाळेतले शिक्षकसुद्धा त्यात आपापली छोटी सॉफ्टवेअर बनवायला लागले.

ते बघून आउस्टरहाउट यांना आनंद झाला असेल, पण त्यांनी लिहून ठेवलीये ती काळजी. इंटरफेस असेच भव्य होत गेले तर विद्यापीठातल्या चार जणांच्या गटाने करायचं काय? तेवढी माणसं आणि पैसा फक्त मोठ्या कंपन्यांकडे. त्यांना सुचलेला मार्ग असा: मोठी गोष्ट अखंड लिहायचीच नाही. पुन्हा पुन्हा वापरता येतील असे तुकडे एकदा सीमध्ये पक्के बांधायचे, आणि ते चिकटवायला डिंक म्हणून हलकी स्क्रिप्टिंग भाषा वापरायची. भाषा तर हाताशी होतीच. राहिले खिडकीचे तुकडे. ते काम १९८८-८९ मध्ये सुरू झालं, बराच काळ एकट्याने, फावल्या वेळात. टीसीएलवरचा निबंध युझनिक्स परिषदेत १९९० ला वाचला गेला, टीकेवरचा १९९१ ला.

एक ओळ, सात ओळी, पंचवीस ओळी

टीकेमध्ये बटन कसं बनतं ते बोलून दाखवतो. शब्द आहेत: बटन, मग त्याचं नाव डॉट-बी, मग टेक्स्ट 'हॅलो', मग फॉन्ट 'टाइम्स १६', मग कमांड 'पुट्स हॅलो'. संपलं. बटन तयार, त्यावर अक्षरं, दाबलं की एक ओळ छापली जाणार. आणखी एक शब्द 'पॅक' म्हटला की ते खिडकीत जाऊन बसतं.

आउस्टरहाउट यांनी १९९८ मध्ये आयईईई कॉम्प्युटर मासिकात स्क्रिप्टिंग भाषांवर एक लेख लिहिला. त्यात जवळपास हेच बटन घेऊन तुलना केली होती. टीकेमध्ये एक ओळ, जावामध्ये सात, आणि मायक्रोसॉफ्टच्या क्लासेस वापरून सी-प्लस-प्लसमध्ये साधारण पंचवीस. आता उदाहरण त्यांनीच निवडलेलं, त्यामुळे थोडं मीठ लावून घ्या. पण फरक का पडतो ते समजून घेण्यासारखं आहे.

पहिलं कारण, टीसीएलमध्ये सगळंच स्ट्रिंग. फॉन्ट हवाय? 'टाइम्स १६' असं लिहा, माणसाला सांगतो तसं. फॉन्टचा ऑब्जेक्ट बनवा, त्याचा टाइप जाहीर करा, ही भानगड नाही. दुसरं, बटन दाबल्यावर काय करायचं तो कोडही स्ट्रिंगच. बटन तो जपून ठेवतं आणि क्लिक झाल्यावर इंटरप्रिटरच्या हातात देतं. तिसरं, न सांगितलेल्या गोष्टींना ठीकठाक डिफॉल्ट.

आणि चौथं, माझ्या मते सगळ्यात मोठं. टीकेसोबत 'विश' नावाचा प्रोग्राम यायचा, विंडोइंग शेलचं लघुरूप. त्यात तुम्ही ओळ टाइप करून एंटर मारलं की बटन तिथल्या तिथे खिडकीत उगवायचं. रंग बदलायची ओळ टाइप करा, समोरचं जिवंत बटन रंग बदलणार. कंपाइलची फेरीच गायब. आज ब्राउझरमध्ये राइट-क्लिक करून 'इन्स्पेक्ट' उघडून रंग बदलून बघता ना? साधारण तोच अनुभव, नव्वदच्या दशकाच्या तोंडावर.

फुकट वाटलं, दूर पोहोचलं

बर्कलीने हे सगळं सोर्ससकट फुकट वाटलं, इंटरनेटवरून कुणीही उतरवून घ्यावं. १९९० मधलं भाषण ऐकून अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या, म्हणजे निस्टमधल्या डॉन लाइब्ज यांनी टीसीएल वापरून 'एक्स्पेक्ट' लिहिलं. दुसऱ्या प्रोग्रामशी माणसासारखं टाइप करून बोलणारं ते टूल सिस्टीम ॲडमिन मंडळी आजही वापरतात. पण बहुतेक लोक आले ते टीकेसाठी. युनिक्सवर खिडकी उघडायचा तो सर्वांत सोपा मार्ग होता.

आपल्याकडे ही भाषा आली दोन दारांतून. एक म्हणजे एनएस-२ हा नेटवर्क सिम्युलेटर. भारतातल्या कितीतरी इंजिनिअरिंग कॉलेजांत कॉम्प्युटर नेटवर्क्सच्या लॅबमध्ये आणि एमईच्या प्रोजेक्टमध्ये तो वापरला गेला. त्याचा गाभा सी-प्लस-प्लसमध्ये, पण नोड किती, लिंक कुठे, पॅकेट कधी सोडायचं हे सांगायचं टीसीएलच्या एका बोलीत. आणि पॅकेट इकडून तिकडे धावताना दाखवणारं 'नॅम' टीकेवर बनलेलं. जड काम कंपाइल केलेल्या भाषेत आणि जुळवाजुळव स्क्रिप्टमध्ये, हा आउस्टरहाउट यांचाच नमुना. दुसरं दार चिप डिझाइनचं. सिनॉप्सिस आणि केडन्सची टूल, व्हिवाडो, या सगळ्यांना हुकूम द्यायचे ते टीसीएलमध्ये. पुण्यात किंवा बेंगळुरूत व्हीएलएसआयमध्ये काम करणारी तुमची ताई किंवा दादा असेल तर विचारून बघा. जिथून भाषा निघाली त्याच धंद्यात ती आजही पगार मिळवून देते.

भांडण

सगळं गोड नव्हतं. सप्टेंबर १९९४ मध्ये जीएनयू चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांनी युझनेटवर जाहीर लिहिलं की टीसीएल वापरू नका. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: छोट्या कमांडसाठी म्हणून भाषा देता, पण लोक तिच्यात मोठे प्रोग्राम लिहिणारच. मग त्यांना खरीखुरी, ताकदवान भाषा लागते. टीसीएलमध्ये धड ॲरे नाहीत, लिंक्ड लिस्ट बनवता येत नाही, आकड्यांचं नाटक केलं जातं आणि त्यामुळे ती मंद. आउस्टरहाउट यांचा मुद्दा उलटा: एक भाषा सगळी कामं करेल ही अपेक्षाच चूक. पक्क्या बांधकामाला एक, चिकटवायला दुसरी.

मला विचाराल तर दोघेही बरोबर निघाले, वेगवेगळ्या अर्थाने. लोकांनी टीसीएलमध्ये हजारो ओळी लिहिल्या आणि त्या सांभाळताना नाकी नऊ आले, हे स्टॉलमन यांनी सांगितल्यासारखंच झालं. वेग वाढवण्यासाठी १९९७ मध्ये टीसीएल ८.० मध्ये बाइटकोड कंपायलर आणावा लागला. पण दोन भाषांची जोडी हा विचार मात्र जग जिंकून बसला. आज पायथनमध्ये नमपाय वापरताना आकडेमोड सीमध्ये होते आणि चिकटवाचिकटवी पायथनमध्ये, हे दुसरं काय आहे?

१९९४ मध्येच आउस्टरहाउट सन मायक्रोसिस्टम्समध्ये गेले. तिथल्या टीमने १९९६ मध्ये टीके विंडोज आणि मॅकवर नेलं, म्हणजे एकच स्क्रिप्ट तिन्हीकडे चालू लागली. पण त्याच कंपनीने १९९५ मध्ये जावा जाहीर केली होती आणि घरातलं लाडकं लेकरू ती होती. १९९७ चा एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टीम पुरस्कार टीसीएल-टीकेला मिळाला, आणि १९९८ च्या सुरुवातीला आउस्टरहाउट सन सोडून स्वतःची कंपनी काढायला निघाले. ती कंपनीही २००० मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

भाषा मागे, पेटी पुढे

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आठवतंय ना, दुसऱ्याच्या घरात राहायला बनवलेली भाषा.

पायथन तेव्हा कोवळी होती. तिला खिडक्या हव्या होत्या, आणि स्वतःची टूलकिट लिहायला माणसं नव्हती. स्टीन लुमहोल्ट आणि पायथनचे जनक खीदो व्हान रोस्सम यांनी सरळ टीसीएलचा इंटरप्रिटर पायथनमध्ये जोडला. पुढे फ्रेडरिक लुंड यांनी टीकेइंटरवर बरंच काम केलं. पर्ल आणि रुबीलाही टीके मिळालं.

आतून काय होतं बघा. तुम्ही पायथनमध्ये बटन बनवता तेव्हा टीकेइंटर त्याची टीसीएलची कमांड तयार करतो आणि आतल्या पाहुण्याला देतो. तुमच्या पायथन फंक्शनला टीसीएलच्या बाजूने एक नाव दिलं जातं. बटन दाबलं की टीसीएल त्या नावाने हाक मारतो आणि तुमचं फंक्शन चालतं. शेवटी जी 'मेनलूप' नावाची ओळ सगळे न समजता लिहितात, तिचा अर्थ एवढाच: आता सूत्रं पाहुण्याकडे, तो घटनांची वाट बघत बसेल.

पायथनसोबत येणारा आयडल हा एडिटर याच टीकेइंटरवर बनलाय. पहिल्या तासाला स्क्रीनवर फिरणारं ते टर्टल, तेही. म्हणजे जगभरातल्या अनेक मुलांनी कोडने उघडलेली पहिली खिडकी ही टीकेची खिडकी आहे, आणि बहुतेकांना टीसीएलचं नावही ठाऊक नाही.

याच घराण्यातली आणखी एक चीज तुमच्या खिशात आहे. टीसीएलच्या मुख्य टीममध्ये डी. रिचर्ड हिप नावाचे गृहस्थ होते. २००० मध्ये त्यांनी एक छोटा डेटाबेस लिहिला, टीसीएलला जोडायचा म्हणून. त्याचं नाव एसक्यूलाइट. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत तो भरलेला आहे. तुमच्या अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचे मेसेज त्यातच साठतात. 'डेटाबेस म्हणजे वेगळा सर्व्हर' हा समज मोडून, कुठल्याही प्रोग्राममध्ये जोडता येईल अशी लायब्ररी. ओळखीचा वाटतो ना विचार?

फुकटाची किंमत

टीकेला नावं ठेवणारे बरेच आहेत आणि त्यांचं चूक नाही. ते दिसायला जुनाट. २००७ च्या शेवटी आलेल्या टीके ८.५ मध्ये थीम असलेली नवी बटनं आली, तेव्हा जरा रूप उजळलं, पण यूट्यूबवरची अर्धी ट्युटोरियल आजही जुनीच बटनं शिकवतात.

आपल्या दृष्टीने दुसरी गोष्ट जास्त बोचणारी. टीकेचा पाया रचला तो अक्षर म्हणजे एक डबा, डब्यापुढे डबा, असं धरून. इंग्रजीला ते चालतं. देवनागरीत 'कि' लिहिताना वेलांटी नंतर टाइप होते आणि आधी दिसते. 'क्ष' मध्ये तीन कोड मिळून एक आकार होतो. विंडोजवर ऑपरेटिंग सिस्टीम यातलं बरंच सांभाळून घेते. लिनक्सवर मात्र वर्षानुवर्षं टीकेमध्ये मराठी लिहिलं की वेलांट्या भलतीकडे आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले. खिडकी सगळ्यांसाठी उघडली, पण पाटीवरचं अक्षर कुणाचं, हे आधीच ठरून गेलं होतं.

मग लोक वेबकडे वळले. एचटीएमएलने दिसणं, जावास्क्रिप्टने वागणं, आणि भोवती अख्खा ब्राउझर गुंडाळून त्याला डेस्कटॉप ॲप म्हणायचं. इलेक्ट्रॉन हेच करतं, आणि व्हीएस कोड त्यावर चालतो. तिथे मराठी सुंदर दिसतं, कारण ब्राउझरने ते काम करून ठेवलंय. पण साधी टिपणवही केली तरी ती सहज शंभर एमबीच्या वर जाते. नीट बघितलं तर विचार जुनाच आहे: पक्के तुकडे खाली, स्क्रिप्टचा डिंक वर. फक्त तुकडे हत्तीएवढे झालेत.

मग आज टीके कशाला?

नोकरीत कुणी तुम्हाला टीकेइंटर येतं का विचारणार नाही, हे सरळ सांगतो. पण आउस्टरहाउट यांना १९८७ मध्ये वाटलेली भीती आजही तेवढीच खरी आहे. एक चकचकीत ॲप म्हणजे डिझायनर, फ्रंटएंड, बॅकएंड, क्लाउडचं बिल. हे बघून नवखा माणूस आधीच हात आखडून घेतो. त्याला वाटतं, सॉफ्टवेअर म्हणजे कंपनीने बनवायची गोष्ट.

आणि गावाकडच्या मेडिकल दुकानात कुठल्या औषधाची तारीख संपत आली याची यादी हवी असते. शाळेतल्या बाईंना निकालाची बेरीज हवी असते. या कामांसाठी कुठलीच कंपनी येणार नाही, त्यात पैसे नाहीत. तिथे उपयोगी पडते ती पन्नास-शंभर ओळींची, जरा कुरूप, पण एकट्याने एका रविवारी बनवलेली खिडकी. इंटरनेट नको, सर्व्हर नको, कुणाची परवानगी नको.

सप्टेंबर २०२४ मध्ये टीसीएल-टीकेची ९.० आवृत्ती आली. म्हणजे ही मंडळी अजून कामाला आहेत.

तर या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या घरात किंवा ओळखीच्या दुकानात वहीत चालणारं एक काम शोधा. एका टेक्स्ट बॉक्सची, एका बटनाची आणि एका यादीची खिडकी त्यासाठी बनवा आणि ज्याचं काम आहे त्याच्यासमोर ठेवा. तो काय बदल सांगतो ते ऐका. ती ओळ बदला, पुन्हा दाखवा. भेटू पुढच्या भागात!